शहराच्या वाटेवरचा मजूर आणि अण्णाभाऊ

दिवाळी उलटली की हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या तालुक्यांतील गावांतून माणसे बाहेर पडू लागतात. कोणी उसाच्या फडावर जातो, कोणी पुण्याच्या बांधकामावर, तर कोणी मुंबई-ठाण्याची वाट धरतो. खरिपाचा माल घरात आला, त्यातून सावकाराचे व दुकानदाराचे देणे फिटले वा फिटले नाही, तरी कोरडवाहू शेतीत पुढचे काही महिने दोन हातांना पुरेल एवढे काम उरत नाही. हे स्थलांतर इतके अंगवळणी पडले आहे, की त्याची कोणी दखलही घेत नाही. मराठवाड्यातील याच गावांतून दर वर्षी १ ऑगस्टला अण्णाभाऊ साठे यांच्या प्रतिमेची वाजतगाजत मिरवणूक निघते. मिरवणूक आणि स्थलांतर या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध आहे, याची जाणीव मात्र क्वचितच दिसते. अण्णाभाऊंचे चरित्र हे आधी काम शोधीत शहरात आलेल्या आणि तेथे वारंवार बेकार झालेल्या एका मजुराचे चरित्र आहे. साहित्यिकाचे चरित्र त्यानंतर सुरू होते.

अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवे तालुक्यातील वाटेगावी झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. आज ते सांगली जिल्ह्यात आहे. त्यांचे पाळण्यातले नाव तुकाराम, वडिलांचे भाऊराव आणि आईचे वालुबाई. घर मातंग समाजातले. त्या काळी या भागातील मांग-रामोशांवर गुन्हेगार जमातींच्या कायद्याची टांगती तलवार होती. कोठेही चोरी वा दरोडा झाला, की संशय प्रथम यांच्यावर यावयाचा आणि गावच्या चावडीवर हजेरी द्यावी लागावयाची. स्वतःची जमीन नाही, गावकीच्या कामाचा मोबदला बलुत्याच्या रूपाने मिळेल तेवढा, आणि बाहेर काम शोधावे तर हजेरीचा अडसर, अशी ही कोंडी होती. तुकारामाची शाळा दीड दिवसात सुटली. जातीवरून झालेला अपमान आणि शिक्षकाचा मार हे तिचे कारण. पुढे ज्याच्या ग्रंथांवर विद्यापीठांतून प्रबंध लिहिले गेले, त्याची शाळा एवढीच होती.

पायी आलेले कुटुंब

वडील मुंबईत माळीकाम करीत. गावाकडचे हाल पाहून १९३१ च्या सुमारास त्यांनी बायकामुलांना मुंबईस नेण्याचे ठरविले. रेल्वेच्या तिकिटाला पैसे नव्हते. तेव्हा हे कुटुंब वाटेगावाहून पायीच निघाले. अंतर सव्वादोनशे मैलांच्या घरातले. वाटेत काम मिळेल तेथे थांबावयाचे, चार दिवस राबून पोटाची बेगमी करावयाची आणि पुन्हा चालू लागावयाचे, असा तो प्रवास होता आणि त्याला कित्येक महिने लागले. कल्याणला कोळसा वाहण्याचे काम मिळाले आणि अकरा वर्षांच्या या मुलाने शहराची पहिली मजुरी तेथे मिळविली.

ते वर्ष ध्यानात घेतले पाहिजे. १९२९ पासून जगभर मंदीची लाट पसरली होती. शेतमालाचे भाव कोसळले होते; गावात रोख पैसा दिसेनासा झाला होता. शहराची अवस्थाही बरी नव्हती. १९२१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे ११ लाख ७६ हजार होती. १९३१ मध्ये ती ११ लाख ६१ हजारांवर आली. म्हणजे साठे कुटुंब ज्या शहराच्या आशेने चालत आले, ते त्या दशकात वाढण्याऐवजी किंचित आकसले होते. १९२८ चा सहा महिन्यांचा प्रचंड संप होऊन गेला होता. गिरणीमालक पगारात कपात करीत होते आणि त्याच कपातीतून १९३४ मध्ये पुन्हा सार्वत्रिक संप पेटला. काम नसलेल्या गावातून काम कमी होत चाललेल्या शहरात येणे, हेच गरीब मजुराच्या नशिबी बहुधा येते. गावात अगदीच काही नसते आणि शहरात निदान आशा असते, एवढ्याच हिशेबावर तो घर सोडतो.

या लोकसंख्येच्या आकड्याला हिंगोलीच्या वाचकासाठी आणखी एक अर्थ आहे. परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी जो हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला, त्याची २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्या ११ लाख ७७ हजार आहे. अण्णाभाऊंनी पाहिलेली अवघी मुंबई आजच्या हिंगोली जिल्ह्याएवढी होती. मुंबईशी या मुलखाचा संबंधही जुनाच. निजामाच्या राजवटीत हिंगोलीची गणना कापसाच्या मोठ्या बाजारपेठांत होत असे, आणि मुंबईच्या गिरण्या दख्खनच्या काळ्या मातीतील कापसावर चालत. कापूस आधी गेला, माणसे मागून गेली.

दहा कामे, एकही कायम नाही

मुंबईत भायखळा-चिंचपोकळीच्या कामगार वस्तीत हे कुटुंब राहू लागले. अण्णाभाऊंनी तेथे केलेल्या कामांची यादी लांबलचक आहे. कोळसा वेचणे, हमाली, बूटपॉलिश, हॉटेलात पोऱ्या म्हणून कपबशा विसळणे, श्रीमंतांची मुले खेळवणे, त्यांचे कुत्रे फिरवणे, दारोदार कपडे विकणाऱ्याचे गाठोडे वाहणे, ही सर्व कामे त्यांनी केली. पुढे मोरबाग गिरणीत ते झाडूवाला म्हणून लागले. चरित्रकार ही यादी कष्टाचा पुरावा म्हणून देतात. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ती आणखी एका गोष्टीचा पुरावा आहे. ज्याला इतकी कामे करावी लागतात, त्याचे प्रत्येक काम सुटलेले असते. एका कामाच्या अंतापासून दुसऱ्याच्या आरंभापर्यंत जे दिवस जातात, त्यांची नोंद कोठेच नसते. आणि मजुराचे खरे कर्ज व उपासमार त्याच दिवसांत साचते.

गिरणीतसुद्धा सर्वांना सारखे दार नव्हते. भरती जॉबरच्या हाती होती आणि त्याचा हात ओला केल्याखेरीज रोजच्या बदलीचे कामही मिळत नसे. विणकाम खात्यात पगार बरा होता. परंतु धोट्यातील सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि त्या विटाळाचे निमित्त करून अस्पृश्य कामगारांना तेथे येऊ दिले जात नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. गावातली चावडी मागे पडली तरी जातीची उतरंड यंत्राच्या शेजारी उभीच होती. मातंग समाजातल्या पोराच्या हाती गिरणीत झाडू यावा, यामागे हीच व्यवस्था होती. हे कामही टिकले नाही. संप, कपात आणि बेकारी यांच्या फेऱ्यात अण्णाभाऊ पुन्हा वाटेगावला गेले आणि चुलतभाऊ बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात रमले. शहरातून परत गावी जाणे हाही या कहाणीचा नेहमीचाच भाग होय.

मात्र या वर्षांत शहराने एक गोष्ट नकळत दिली. दुकानांच्या पाट्या, सिनेमाची भित्तिपत्रके आणि हातगाडीवरची स्वस्त पुस्तके यांच्या आधाराने या मुलाने अक्षरे जुळविली व तो वाचावयास शिकला. मोर्चांतून व सभांतून त्याने भाषणे ऐकली. गिरणगावात कामगाराला मजुरी कमी मिळे, पण चाळ, तालीम, भजनी मंडळ, वाचनालय आणि संघटनेची कचेरी हे सारे एका हाकेच्या अंतरावर असे.

लेबर कॅम्प

१९४० नंतरच्या पहिल्या वर्षांत अण्णाभाऊ मुंबईत परतले ते धारावीलगतच्या माटुंगा लेबर कॅम्पमध्ये. ही वस्ती सफाई कामगार, हमाल व गिरणीमजूर यांची. गटार, चिखल आणि डास यांचे तेथे राज्य होते. कम्युनिस्ट पक्षाचे कार्यकर्ते तेथे काम करीत आणि त्यांच्या सहवासात अण्णाभाऊंना वाचनाची व विचाराची शिस्त लागली. वस्तीतल्या डासांवर त्यांनी एक गाणे रचले आणि ते वस्तीला आवडले, अशी आठवण सांगितली जाते. ती लहानशी वाटेल. पण बेकार तरुणाच्या आयुष्यातील वळण तेथेच आहे. तोपर्यंत त्याच्या हातांना गिऱ्हाईक होते, तेही अधूनमधून. आता त्याच्या शब्दांना श्रोता मिळाला, आणि तो श्रोता त्याच्यासारखाच होता.

यानंतरची वाटचाल झपाट्याची आहे. १९४३ मध्ये त्यांनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा लिहिला. पुढच्याच वर्षी अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे राहिले. बंगालच्या दुष्काळापासून काळ्या बाजारापर्यंतचे विषय या पथकाने तमाशाच्या बाजात कामगारांपुढे मांडले. सरकारने तमाशावर निर्बंध घातले, तेव्हा त्याच कलेला लोकनाट्य हे नाव देऊन ती पुन्हा उभी करण्यात अण्णाभाऊंचा मोठा वाटा होता. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ‘माझी मैना गावावर राहिली’ ही त्यांची छक्कड घराघरांत पोहोचली. ती राजकीय रचना आहे हे खरेच. पण गावी बायको ठेवून मुंबईत एकटा राहणाऱ्या लाखो कामगारांच्या मनातील दुखणे तिच्यात नसते, तर ती इतकी पसरली नसती. त्याच लढ्यातून १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले, आणि निजामी राजवटीतून १९४८ मध्ये मुक्त झालेल्या मराठवाड्याचाही त्यात समावेश झाला.

२ मार्च १९५८ रोजी मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन अण्णाभाऊंनी केले. पृथ्वीचा भार पुराणातल्या शेषाने नव्हे, तर श्रमिकांच्या व दलितांच्या हातांनी तोलला आहे, हे त्यांनी तेथे मांडलेले सूत्र पुढे सर्वतोमुखी झाले. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फकिरा’ या कादंबरीस १९६१ मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते सोव्हिएत रशियाला जाऊन आले. त्यांच्या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले.

भीमाची गोष्ट

अण्णाभाऊंच्या विपुल लेखनात ‘स्मशानातील सोनं’ ही कथा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. वारणेकाठचा धिप्पाड भीमा कामासाठी मुंबईला येतो. शहरात काम न मिळाल्याने तो उपनगरात जातो आणि तेथील दगडाच्या खाणीत लागतो. अंगात बळ असल्याने मुकादमही खूष असतो. मग एके दिवशी खाण बंद पडते. घरी परतताना वाटेतल्या मसणवटीत, प्रेताच्या राखेत त्याला सोन्याचा कण सापडतो. त्या दिवसापासून रात्री राख चाळणे हा त्याचा व्यवसाय होतो आणि पुढे तो पुरलेली प्रेते उकरू लागतो. अखेरीस एका प्रेताच्या तोंडातील सोने काढताना त्याची बोटे जबड्यात अडकतात. तो जीव वाचवून घरी येतो, पण बोटे कापावी लागतात. आणि नेमक्या त्याच दिवशी बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते.

ही कथा भयकथा म्हणून वाचली जाते. तिच्यात बेकारीचे जे विश्लेषण आहे, ते पाठ्यपुस्तकांतही इतक्या स्पष्टपणे सापडत नाही. भीमा आळशी नाही व दुबळाही नाही. खाण का बंद पडली आणि का सुरू झाली, हे त्याला कळत नाही. कारण तो निर्णय घेणारा माणूस त्याच्या जगात नाही. मधल्या काळात त्याला कोणी उधार देत नाही, भत्ता देत नाही, खाण पुन्हा सुरू होईल असे आश्वासनही देत नाही. म्हणून तो जिवंतांच्या व्यवहारातून बाहेर फेकला जाऊन मृतांकडून रोजी मिळवितो. आणि काम परत येते, तेव्हा ते करणारे हातच उरलेले नसतात. बेकारीच्या काळात मजुराची केवळ मिळकत बुडत नाही, तर त्याची काम करण्याची शक्तीही खर्ची पडते, हा या कथेचा आशय आहे. कर्जापायी विकलेला बैल, शाळेतून काढलेले मूल आणि औषधावाचून अंगावर काढलेले दुखणे, ही या नुकसानीची खेड्यातली रूपे होत.

कीर्ती आणि निर्वाह

अण्णाभाऊंच्या स्वतःच्या जीवनाचा शेवट या विश्लेषणाशी दुर्दैवाने जुळतो. घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे काढली. त्यांचे बरेचसे लेखन त्या झोपडीतच झाले. पुस्तके खपत होती, चित्रपट चालत होते, पण त्यातून घराला स्थैर्य आले नाही. अखेरच्या काळात दारिद्र्य, एकटेपणा आणि व्यसन यांनी त्यांना घेरले. सरकारी मदतीने गोरेगावच्या सिद्धार्थनगरात घर मिळाले, पण ते फार काळ लाभले नाही. १८ जुलै १९६९ रोजी, वयाची एकोणपन्नास वर्षेही पुरी होण्याआधी, त्यांचा अंत झाला.

येथे एक तुलना करण्याजोगी आहे. स्वातंत्र्यानंतर कारखान्यातील कामगारासाठी १९४८ मध्ये राज्य विम्याचा आणि १९५२ मध्ये भविष्यनिर्वाह निधीचा कायदा झाला. गिरणीत कायम राहिलेल्या सामान्य कामगाराला आजारपणात दवाखाना आणि उतारवयात चार पैसे, एवढी तरी हमी मिळाली. ज्याने त्या कामगाराची गाणी लिहिली, त्याला यातले काहीही नव्हते. कारण तो कोणाच्याच हजेरीपटावर नव्हता. हमालांसाठी महाराष्ट्राचा माथाडी कामगार कायदा झाला तो १९६९ मध्ये. लहानपणी ओझी वाहिलेला हा लेखक त्याच वर्षी गेला. आता त्यांच्या नावाने १९८५ पासून विकास महामंडळ आहे, २००२ मध्ये टपाल तिकीट निघाले, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्को येथे पुतळाही उभा राहिला. हा सन्मान योग्यच आहे. परंतु जिवंतपणी जी हमी मिळाली नाही, तिची भरपाई पुतळ्याने होत नाही.

आज काय उरले?

अण्णाभाऊंना शहराने कायमचे काम दिले नाही, पुरेशी मजुरी दिली नाही, धड निवाराही दिला नाही. तरीही त्यांचे आयुष्य नव्याने उभे राहिले, ते सोबतीमुळे. चाळ, कॅम्प, संघटना आणि कलापथक यांनी एका बेकार मुलाला वाचक, शाहीर व लेखक बनविले. त्यांची प्रतिभा असामान्य होती यात शंका नाही; पण तिला उगवावयास जमीन लागली, आणि ती जमीन गिरणगावची होती.

ती जमीन आता राहिलेली नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद होत गेल्या आणि त्यांच्या जागी उंच इमारती व बाजारसंकुले आली. हिंगोलीचा मजूर आज शहरात जातो तो कंत्राटदारामार्फत, उचल घेऊन, इमारतीच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोलीत राहावयास. इमारत पुरी झाली की खोली मोडते आणि शेजारही मोडतो. त्याला मुकादम भेटतो, पण संघटना क्वचितच भेटते. स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ मध्ये केंद्राने कायदा केला, तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांपुरता होता. हिंगोलीहून मुंबईस गेलेला मजूर आपल्याच राज्यात राहिल्याने त्याच्या कक्षेत येत नव्हता.

हे सर्व किती तकलादू आहे, ते २०२० च्या टाळेबंदीत दिसले. काम थांबले आणि शहरांतून माणसे पायी गावाकडे निघाली. त्या वर्षीच्या ८ मे रोजी पहाटे, जालन्याहून निघालेले मध्य प्रदेशातील १६ मजूर करमाडजवळ रुळांवर झोपेतच मालगाडीखाली सापडले. साठे कुटुंब ज्या तऱ्हेने मुंबईस आले, त्याच तऱ्हेने नव्वद वर्षांनंतर मजूर शहर सोडून जात होते.

रोजगाराचा हक्क ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजनेने तिला रूप दिले, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि २००६ मध्ये केंद्रीय कायदा देशातील निवडक जिल्ह्यांत प्रथम लागू झाला, तेव्हा त्या यादीत हिंगोलीचे नाव होते. यादीत नाव येणे म्हणजे मागास असण्याची कबुलीच होती. पण गावात काम मागण्याचा हक्कही तिच्यासोबत आला होता. तो हक्क खरा व्हावयाचा, तर मागेल तेव्हा काम आणि वेळेवर मजुरी हवी. आणि जो तरीही शहरात जाईल, त्याच्या पाठीशी तेथे शिधा, मुलांची शाळा, दवाखाना व संघटना हवी. एवढे झाले तर खाण बंद असलेल्या काळात भीमाला मसणवटीकडे वळावे लागणार नाही. १ ऑगस्टच्या मिरवणुकीत पुढे चालणाऱ्यांनी आणि मंचावरून भाषणे करणाऱ्यांनी, दिवाळीनंतर गावातली किती घरे कुलूपबंद होतात, याचीही मोजदाद ठेवावी. अण्णाभाऊंच्या स्मरणाची ती अधिक खरी पद्धत ठरेल.